वाडवडिलांची पुण्याई : नृसिंहवाडीच्या घाटापासून अलिबागच्या ‘मागेन अबोथ’पर्यंत

नृसिंहवाडी (जि. कोल्हापूर) : मोठ्या संकटातून माणूस सुखरूप सुटला, की मराठी घरात हमखास उद्गार निघतो, ‘वाडवडिलांची पुण्याई!’ आपल्या हातून फारसे काही घडले नसतानाही जे चांगले पदरी पडते, त्याचे श्रेय मागच्या पिढ्यांना देण्याची ही रीत आहे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या श्रीक्षेत्र नृसिंहवाडीत भाद्रपदाच्या वद्य पक्षात घाटावर पितरांना तर्पण करणारे भाविक दिसतात, तेव्हा या उद्गारामागची श्रद्धा डोळ्यांसमोर उभी राहते.

मात्र, पूर्वजांच्या पुण्याईचा आधार ही केवळ हिंदू परंपरेची मिरास नाही. ज्यू धर्मात नेमक्या याच अर्थाची एक प्राचीन संकल्पना आहे. हिब्रू भाषेत तिला ‘झेखुत आवोत’ म्हणतात. ‘झेखुत’ म्हणजे पुण्य किंवा पुण्याई आणि ‘आवोत’ म्हणजे वडील, पूर्वज. ‘वाडवडिलांची पुण्याई’ हा तिचा शब्दशः मराठी प्रतिशब्द ठरतो. आणि ही श्रद्धा मराठीतूनच जगलेला एक समाज शतकानुशतके महाराष्ट्रात नांदत आला आहे. कोकणातील बेने इस्रायल हा तो समाज. या समाजाच्या इतिहासात पुण्याईचा प्रश्न निव्वळ तत्त्वज्ञानाचा राहिला नाही. एका वळणावर तो थेट अस्तित्वाचा प्रश्न बनला.

वाडीतील पुण्याई

नृसिंहवाडी किंवा नरसोबाची वाडी हे शिरोळ तालुक्यातील दत्तक्षेत्र होय. दत्तावतार मानले गेलेले श्री नृसिंह सरस्वती यांनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले आणि पुढे ते गाणगापूरला गेले, अशी परंपरा आहे. जाताना त्यांनी मागे ठेवलेल्या पादुकांचीच येथे पूजा होते. वाडीच्या पुजारी घराण्यांची परंपरा आलास गावच्या भैरंभटांपर्यंत नेली जाते. म्हणजे येथील पूजेचा अधिकारही एका पूर्वजाच्या सेवेतून उतरत आलेला आहे.

वाडीला येणाऱ्या अनेक घरांत पौर्णिमेची वारी आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली असते. गुरुचरित्राच्या पारायणाचा नेमही तसाच एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे येतो. ‘त्यांनी केले म्हणून आम्हाला फळले’ ही भावना त्यामागे असते. श्राद्धविधीत पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा नामोच्चार होतो. माणूस देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊन जन्माला येतो, असे शास्त्र सांगते. पूर्वजांकडून जे मिळाले ते ऋण आहे, फुकटची मिळकत नव्हे, हा त्यातला महत्त्वाचा भाग. मराठी भाषेनेही हा भेद जपला आहे. ‘पुण्याई कामी आली’ असे आपण कौतुकाने म्हणतो, पण ‘बापजाद्यांच्या पुण्याईवर जगतो’ हे वाक्य दूषणाचे ठरते.

हाच भेद ज्यू धर्मशास्त्रकारांनी अत्यंत काटेकोरपणे मांडला आहे.

‘झेखुत आवोत’ म्हणजे काय?

ज्यू परंपरेत ‘आवोत’ म्हणजे मुख्यतः तीन कुलपुरुष : अब्राहाम, त्याचा पुत्र इसहाक आणि नातू याकोब. या तिघांची निष्ठा इतकी थोर होती, की तिचे फळ त्यांच्या वंशजांनाही मिळत राहते, अशी श्रद्धा आहे. तिचे मूळ तोरा या पवित्र ग्रंथात सापडते. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी इस्रायली लोकांनी सोन्याच्या वासराची पूजा केली, तेव्हा देवाचा कोप ओढवला. मोशेने त्या वेळी लोकांच्या गुणांचा दाखला दिला नाही, कारण दाखवण्याजोगा गुणच नव्हता. त्याने अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांची आठवण देवाला करून दिली आणि लोक वाचले.

ज्यू प्रार्थनेत या आठवणीला पहिले स्थान आहे. दिवसातून तीन वेळा उभ्याने म्हटल्या जाणाऱ्या ‘अमिदा’ या मुख्य प्रार्थनेच्या पहिल्या आशीर्वचनाचे नावच ‘आवोत’ असे आहे. त्यात अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव आणि याकोबाचा देव असा तिघांचा स्वतंत्र उल्लेख येतो. देव एकच असताना तीनदा उच्चार कशासाठी, या प्रश्नाला परंपरेतील एक उत्तर असे आहे, की इसहाक आणि याकोब यांनी वडिलांनी सांगितले म्हणून देव मानला नाही. प्रत्येकाने त्याचा शोध स्वतः घेतला.

येथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. ज्यू धर्मात प्रार्थना पूर्वजांना उद्देशून नसते. ती देवालाच असते, पूर्वजांचा केवळ दाखला दिला जातो. ज्यू नववर्षाला, म्हणजे ‘रोश हशाना’ला, मेंढ्याचे शिंग फुंकतात. इसहाकाला वेदीवर अर्पण करण्यास अब्राहाम सिद्ध झाला आणि अखेरीस पुत्राच्या जागी मेंढा आला, त्या प्रसंगाची ती आठवण आहे.

या पुण्याईत स्त्रियांचाही वाटा आहे. सारा, रिबका, राहेल आणि लेआ या कुलमातांच्या पुण्याईचा उल्लेख प्राचीन वाङ्मयात येतो. इस्रायली लोकांची मिसरमधील गुलामीतून सुटका झाली ती त्या पिढीतील धर्मशील स्त्रियांच्या पुण्याईने, असे तालमूद या ग्रंथात म्हटले आहे.

‘मिद्राश’ या भाष्यवाङ्मयातील एक दृष्टान्त तर तासगाव-मिरज भागातील कोणत्याही द्राक्षबागायतदाराला सहज पटेल. द्राक्षाचा वेल जिवंत आणि हिरवा असतो, पण तो उभा राहतो वाळलेल्या लाकडाच्या आधारावर. इस्रायलचेही तसेच आहे. लोक जिवंत आहेत, पण ते टेकले आहेत ते केव्हाच निजधामाला गेलेल्या पूर्वजांवर.

पुण्याईला मर्यादा आहेत का?

वेल आधारावर उभा राहतो हे खरे, पण द्राक्षे वेलालाच धरावी लागतात. ज्यू धर्मपंडितांनी हा मुद्दा कधीही नजरेआड होऊ दिला नाही. वडिलांच्या अपराधाची झळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोहोचते, मात्र देवाची दया हजारो पिढ्यांपर्यंत टिकते, असे तोरा सांगते. त्याच वेळी मुलाला बापाच्या गुन्ह्यासाठी देहदंड देऊ नये, असा स्पष्ट दंडकही तिने घातला आहे. पुढे यहेज्केल या संदेष्ट्याने आणखी ठाम भूमिका घेतली. आंबट द्राक्षे बापाने खाल्ली आणि दात मुलाचे आंबले, अशा अर्थाची म्हण लोकांत रूढ होती. ती यापुढे वापरू नका, ज्याचे पाप त्यालाच आणि ज्याचे पुण्य त्यालाच, असे त्याने बजावले.

मग पूर्वजांच्या पुण्याईचे काय? तालमूदमध्ये या प्रश्नावर एक विलक्षण चर्चा आहे. पूर्वजांची पुण्याई केव्हा संपली, असाच तिचा विषय आहे. कोणी ती एलियाहू संदेष्ट्याच्या काळी संपली असे म्हणतो, तर कोणी हिज्कीया राजाच्या काळापर्यंत ती टिकल्याचे सांगतो. मध्ययुगातील फ्रान्समधील पंडित रब्बेनू ताम यांनी त्यातून मार्ग काढला. पुण्याई संपली असेल, पण देवाने पूर्वजांशी केलेला करार संपलेला नाही, असे त्यांनी म्हटले.

दुसऱ्या एका ठिकाणी तालमूद सांगते, की अब्राहामाला आपल्या इश्माएलला आणि इसहाकाला आपल्या एसावला तारता आले नाही. पुत्र पित्याला पुण्य मिळवून देऊ शकतो, पण पिता पुत्राला तारू शकत नाही, असा निष्कर्ष तेथे निघतो. पहिल्या नजरेत हे सारे परस्परविरोधी वाटते. त्यामागचे सूत्र मात्र एक आहे. पूर्वजांची पुण्याई चालणाऱ्याला बळ देते, बसून राहणाऱ्याला उचलून नेत नाही. समाजासाठी निःस्वार्थ झटणाऱ्यांना पूर्वजांची पुण्याई साह्य करते, असे ‘मिश्ना’ या ग्रंथातील आवोत प्रकरणात म्हटले आहे, ते याच अर्थाने.

नवगावचे चौदा जण

ही श्रद्धा कोकणात कशी आली, याचे उत्तर बेने इस्रायल समाजाच्या पूर्वजकथेत आहे. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यालगत एक गलबत फुटले. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढेच वाचले. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्याला लागली, ती तेथेच पुरण्यात आली. या चौदा जणांपासून आपला समाज वाढला, असे बेने इस्रायल मानतात. ही घटना दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे परंपरा सांगते, तर तिच्या काळाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. नवगावच्या जुन्या दफनभूमीत या पूर्वजांचे स्मारक आहे आणि जगभरातील बेने इस्रायल तेथे दर्शनाला येतात.

गलबताबरोबर धर्मग्रंथ बुडाले, हिब्रू भाषा विस्मरणात गेली. टिकल्या त्या मोजक्या गोष्टी : देवाच्या एकत्वाची ग्वाही देणारे ‘शेमा’ हे वचन, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण-उपवास आणि शनिवारची विश्रांती. किनारपट्टीच्या गावांत हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करू लागला. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. त्यावरून गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. पूर्वजांनी पाळलेला एक नियम अशा रीतीने संपूर्ण समाजाची ओळख बनला. गावांच्या नावांवरून आडनावे पडली : किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, दिव्याचे दिवेकर.

सणांनाही अस्सल मराठी नावे मिळाली. नववर्ष हा ‘नव्याचा सण’ झाला. प्रायश्चित्ताचा महाउपवास ‘योम किप्पूर’ हा घराची दारे लावून पाळला जाई, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’ ठरला आणि त्याच्या दुसऱ्या दिवसाला ‘शिळा सण’ हे नाव पडले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपवास वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ म्हणून ओळखला जाऊ लागला. होळीच्या सुमारास येणारा ‘पुरीम’ हा ‘होळीचा सण’ झाला. दारफाळणीच्या आदल्या दिवशी पूर्वजांचे आत्मे घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात, अशीही समजूत या समाजात होती. ग्रंथ हाती नसताना पूर्वजांची सोबत हाच धर्माचा मोठा आधार होता, हे त्यातून दिसते.

पंचांगाचा योगायोगही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. ज्यू कालगणना चांद्र महिन्यांची आहे आणि सौर वर्षाशी मेळ घालण्यासाठी तीतही अधिक महिना धरतात. त्यामुळे ज्यू नववर्ष बहुधा सर्वपित्री अमावास्येला लागूनच येते. २०२४ मध्ये २ ऑक्टोबरला सर्वपित्री अमावास्या होती आणि त्याच दिवशी सूर्यास्ताला ज्यू नववर्ष सुरू झाले. २०२५ मध्ये सर्वपित्री २१ सप्टेंबरला, तर ज्यू नववर्षाचा आरंभ २२ सप्टेंबरच्या सूर्यास्ताला झाला. २०२३ मध्ये मात्र अधिक श्रावणामुळे दोन्हींत सुमारे महिन्याचे अंतर पडले. नववर्षाआधी पूर्वजांच्या कबरींना भेट देण्याची प्रथा अनेक ज्यू समाजांत आहे. वाडीच्या घाटावर पितरांना निरोप दिला जातो त्या सुमारासच कोकणात ‘नव्याचा सण’ उजाडतो.

एलियाहू हन्नाबी आणि मलिदा

बेने इस्रायलांच्या श्रद्धाविश्वात एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलियाहू, याचे स्थान फार मोठे आहे. हा संदेष्टा अग्निरथातून सदेह स्वर्गाला गेला, असे बायबल सांगते. अलिबाग तालुक्यातील खंडाळे-सागाव परिसरातील एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा उमटल्या आहेत, अशी या समाजाची दृढ श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ या नावाने ते स्थान ओळखले जाते. नवस बोलायला आणि फेडायला लोक तेथे येतात.

लग्न, गृहप्रवेश, परीक्षेतील यश किंवा दुखण्यातून उठणे, असे निमित्त असले की घरी ‘मलिदा’ केला जातो. ताटात गोड पोहे, ओले खोबरे, सुका मेवा आणि फळे मांडतात, एलियाहूची स्तुती गातात आणि मग सर्वांना प्रसाद वाटतात. मलिद्याचा हा विधी भारतातील बेने इस्रायलांचे वैशिष्ट्य होय.

एलियाहूची आठवण पूर्वजांच्या पुण्याईशीही जोडलेली आहे. कर्मेल पर्वतावर बआल देवतेच्या पुजाऱ्यांसमोर एकटा उभा असताना त्याने अब्राहाम, इसहाक आणि इस्रायल, म्हणजे याकोब, यांच्या देवाला साद घातली होती. पूर्वजांचे नाव घेऊन एकट्याने उभे राहण्याची ही कथा, चहूबाजूंनी परधर्मीयांच्या शेजारात पण सलोख्याने राहिलेल्या या लहान समाजाला जवळची वाटली असेल, तर त्यात नवल नाही.

पुण्याईला जोड प्रयत्नांची

केवळ आठवणीवर मात्र हा समाज थांबला नाही. पुढील काळात दावीद रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने कोकणात येऊन त्यांना धर्मशिक्षण दिले, असे परंपरा सांगते. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. म्हैसूरच्या युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी केलेला हा संकल्प होता, असे सांगतात. मशीद बंदर भागातील हे ‘शाआर हारहमीम’ म्हणजे ‘दयेचे द्वार’ आजही उभे आहे. पुढे कोकणातील रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण येथेही प्रार्थनामंदिरे झाली.

अलिबागच्या इस्रायल आळीतील मंदिर १८४८ मध्ये स्थापन झाले. त्याचे नाव ‘मागेन अबोथ’, म्हणजे ‘पूर्वजांची ढाल’. ‘आवोत’ आणि ‘अबोथ’ हा एकाच शब्दाचा उच्चारभेद आहे. शुक्रवारी सायंकाळच्या प्रार्थनेत देवाला याच नावाने संबोधले जाते. पूर्वजांचे रक्षण करणारा तोच आपलेही रक्षण करील, हा त्याचा भाव.

एकोणिसाव्या शतकात मराठी ही या समाजाची धर्मभाषाही बनली. १८४६ मध्ये मुंबईत ‘हग्गादा’, म्हणजे मिसरमधून झालेल्या सुटकेची वल्हांडण सणाला वाचली जाणारी कथा, मराठी अनुवादासह छापली गेली. १८७४ मध्ये पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. सुटका केवळ आपल्या पूर्वजांची झाली नाही, प्रत्येक पिढीने ती आपलीच झाली असे मानावे, हा या ग्रंथाचा गाभा आहे. योसेफ यहेज्केल राजपूरकर (१८३४-१९०५) यांनी अनेक हिब्रू प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. हाईम सामुएल केहिमकर यांनी समाजाचा इतिहास लिहिला, तसेच १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू करण्यात पुढाकार घेतला. हीच शाळा पुढे सर एली कदूरी हायस्कूल म्हणून नावारूपाला आली. अब्राहाम, योसेफ यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तनेही रचली गेली. ज्या कुलपुरुषांची नावे शतकानुशतके केवळ कानांवर होती, त्यांची चरित्रे टाळ-मृदंगाच्या साथीने ऐकायला मिळू लागली.

वंशावळीचा पुरावा मागितला तेव्हा

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने तेथे गेले. पूर्वजांच्या भूमीत परतण्याची ओढ हे त्याचे एक कारण होते. पण त्याच भूमीत त्यांच्या पूर्वजांविषयीच शंका घेतली गेली. हा समाज दीर्घकाळ ज्यू धर्मपीठांपासून दूर होता. या काळात विवाह, घटस्फोट आणि धर्मांतर यांचे नियम पाळले गेले असतील का, असा प्रश्न तेथील काही धर्मगुरूंनी उपस्थित केला. मुख्य धर्मपीठाने १९६२ मध्ये काढलेल्या सूचनांनुसार, बेने इस्रायल व्यक्तीचा इतर ज्यू व्यक्तीशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या आईच्या आणि आजीच्या वंशाची, शक्य तितक्या मागे जाऊन, चौकशी करणे आवश्यक ठरले.

ज्या समाजाकडे गलबत फुटल्यापासून पूर्वजांच्या आठवणीखेरीज काहीच नव्हते, त्याच्याकडे त्याच पूर्वजांचा पुरावा मागण्यात आला. अलिबाग-पेणच्या आळ्यांत वाढलेल्या आजीचे ज्यू असणे कोणत्या कागदाने सिद्ध करणार, हा प्रश्न लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण-तरुणींसमोर उभा राहिला. समाजाने ही अवहेलना निमूटपणे सोसली नाही. निदर्शने झाली, धरणे धरली गेली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, ‘क्नेसेट’ने, हा विषय हाती घेतला आणि बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला. त्यानंतर धर्मपीठानेही सूचनांमधील या समाजाचा नामोल्लेख वगळला.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. पूर्वजकथेला त्यामुळे काहीसा दुजोरा मिळाला खरा. पण वंश आणि पुण्याई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या प्रकरणाचा खरा धडा आहे. वंश रक्ताने उतरतो, त्याची चौकशी करता येते, कागद मागता येतो. पुण्याई मात्र आचरणातून पुढे जाते. कोणीही धर्मगुरू पाहत नसताना पिढ्यान्‌पिढ्या शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांनी तिचा पुरावा केव्हाच दिला होता.

दहा जणांची प्रार्थना

पुण्याईचा ओघ उलट्या दिशेनेही वाहतो, ही ज्यू श्रद्धेची दुसरी बाजू आहे. आई-वडिलांच्या मृत्यूनंतर पुत्र अकरा महिने ‘कद्दीश’ ही प्रार्थना म्हणतो आणि पुढे दरवर्षी पुण्यतिथीला तिचा उच्चार करतो. या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही, केवळ देवाच्या नावाचा महिमा आहे. मुलाने लोकांमध्ये उभे राहून देवाचे नाव घेतले, की त्याचे पुण्य वडिलांना पोहोचते. वाडीच्या घाटावर ओंजळीतून पाणी सोडणारा मुलगा आणि ‘कद्दीश’ म्हणणारा मुलगा यांच्या मनातील भाव फारसा वेगळा नसतो.

मात्र, कद्दीश एकट्याने म्हणता येत नाही. परंपरेनुसार त्यासाठी किमान दहा प्रौढ पुरुषांची उपस्थिती लागते. या दहांच्या गणसंख्येला ‘मिन्यान’ म्हणतात. स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलांची संख्या सुमारे वीस हजार होती. आता समाजाचा मोठा भाग इस्रायलमध्ये आहे आणि भारतात काही हजार लोक उरले आहेत. त्यांतले बहुतेक मुंबई-ठाणे परिसरात राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. पण कोकणातील जुन्या मंदिरांत दहा जण जमवणे ही सोपी गोष्ट राहिलेली नाही. तेथे वडिलांसाठी कद्दीश म्हणू इच्छिणाऱ्याला आधी नऊ जण शोधावे लागतात. दुसऱ्याच्या वडिलांसाठी वेळ काढून येणारे हे नऊ जण, हाच आज त्या मंदिरांचा खरा आधार आहे.

पूर्वजांच्या पुण्याईची चर्चा करताना मिद्राशने शेवटी जो उपाय सांगितला, तो येथे लागू पडतो. पित्यांची पुण्याई ढळू लागली आणि मातांची पुण्याई डळमळू लागली असे दिसले, तर माणसाने दयाधर्माची, परोपकाराची कास धरावी, असा त्याचा आशय आहे. प्रेताला खांदा देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे, शोकाकुल घरी जाणे ही परोपकाराची कामे ज्यू परंपरेत श्रेष्ठ मानली जातात, कारण त्यांची परतफेड अपेक्षित नसते. मागच्या पिढ्यांनी साठवलेले कितीही मोठे असले, तरी ते पुढे न्यायचे तर नव्या पिढीला आपली भर घालावीच लागते. आज जे हयात आहेत, तेही कोणाचे तरी वाडवडील होणार आहेत.